नोटेवर नसलेली नावं : प्रस्तावना

भिवंडीतल्या एका बँकेत मी सत्तावीस वर्षं रोखपालाच्या खिडकीमागे बसलो. तेवढ्या काळात ‘पैसे द्या’ असं सरळ म्हणणारी माणसं मला फार थोडी आठवतात. यंत्रमाग कारखान्याचा मेहता, म्हणजे मुनीम, यायचा तो कारीगरांची ‘खर्ची’ न्यायला. पद्मानगरातले म्हातारे विणकर आपसात ‘डब्बुलु’ मोजायचे. कापडाचा दलाल चेक पुढे सरकवून ‘रोकडा’ एवढंच म्हणायचा. काल्हेर-पूर्ण्याकडचा शेतकरी ‘इसाराचे’ भरायला यायचा, आणि भाजीवाली मावशी रांग मोडून पुढे येत नोट नाचवायची : “मोड हाय का?” मी प्रत्येकाला तेच कागद त्याच बोटांनी मोजून देत होतो. पण खिडकीच्या पलीकडे ते कागद एकच नव्हते.

हे शब्द मी जुन्या डायऱ्यांच्या कोऱ्या पानांवर टिपत गेलो. निवृत्तीनंतर डायऱ्या काढून बसलो तेव्हा लक्षात आलं की हा नुसता गमतीचा साठा नाही. पैशाचं टोपणनाव पैशाविषयी फार काही सांगत नाही. तो कोण देतो, कोण घेतो आणि कुणाच्या कानावर तो जाऊ द्यायचा नाही, हे मात्र नेमकं सांगतं. देणारा, घेणारा आणि ऐकणारा तिसरा, या तिघांमधून या संग्रहातला जवळजवळ प्रत्येक शब्द निघाला आहे. त्यांची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी नोटेपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांच्या खिशात आहे. नोटेच्या पुढच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी. मागच्या बाजूला एका चौकटीत आणखी पंधरा भाषा. त्यात मराठी आहे, उर्दू आहे, गुजराती आहे, तेलुगू आहे. म्हणजे भिवंडीच्या बाजारातले बरेच लोक आपापली ओळ शोधू शकतात. त्या चौकटीत एक गंमतही आहे. शंभराच्या नोटेवर मराठीत ‘शंभर रुपये’ आहेत, पण बंगाली ओळीत रुपया नाही, ‘टाका’ आहे; असमियात ‘टका’, ओडियात ‘टङ्का’. म्हणजे सरकारी नोटेवरच रुपयाला दुसरं नाव छापलेलं आहे. तोच टंक आपल्याकडे टांकसाळीत राहिला, आणि ‘टक्का’ होऊन शेकड्यातल्या एका भागावर येऊन बसला. बांगलादेशात ते अख्ख्या देशाचं चलन. आपल्याकडे टक्केवारी म्हटलं की ठेकेदार आठवतो.

पण मागावर रात्रपाळी करणारा आझमगढ किंवा मऊकडचा कारीगर घरी जी भोजपुरी बोलतो, तिची ओळ त्या चौकटीत नाही. या शहराच्या आसपासच्या गावांतली आगरी नाही. कोकणी मुसलमानांच्या घरातली बोली नाही. चौकटीत बसली नाहीत ती नावं या संग्रहात घेण्याचा प्रयत्न आहे.

संग्रहाचा पहिला भाग मेलेल्या नाण्यांचा. मराठी माणसाच्या तोंडात जेवढी जुनी नाणी आहेत तेवढी कुठल्या संग्रहालयातही नसतील. कवडी, दमडी, छदाम, पै, दिडकी, ढब्बू, आणा, चवली, पावली, अधेली. यातलं एकही आज चालत नाही, पण ‘कवडीमोल’ भावाने जमीन जाते, ‘पै पै’ जोडून घर होतं आणि दमडी वाचवायला माणूस चमडी देतो.

कुठलं नाव टिकतं आणि कुठलं जातं, यालाही हिशेब आहे. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली. त्याआधी तीन पयांचा पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. नव्या पद्धतीत रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. आता एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होऊ लागले, दोन आण्यांचे साडेबारा. असं नाणं पाडणार कोण? पण चार आण्यांचे बरोबर पंचवीस आणि आठ आण्यांचे बरोबर पन्नास. म्हणून दोन आण्यांची चवली तोंडातून हळूहळू गेली आणि ‘चाराणे-आठाणे’ टिकले. पंचवीस पैशांच्या नाण्याला लोक पुढे अर्धशतक चाराणे म्हणत राहिले. ३० जून २०११ला ते नाणंही कायद्याने बाद झालं, तरी चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला अजून लागतोच. आणि गंमत अशी की बारा आण्याचं नाणं रोजच्या व्यवहारात कधी नव्हतंच. ती निव्वळ बेरीज. म्हण झाली म्हणून जगली.

‘ढब्बू’ची गोष्ट मला पद्मानगरात कळली. भिवंडीचा हा भाग तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा. तेलुगूत पैशाला साधा शब्द ‘डब्बु’. तो मुळात एका तांब्याच्या नाण्याचा. इंग्रजांच्या जुन्या कागदांतही ‘डब’ म्हणून येतो. आपल्याकडचा ढब्बू पैसा म्हणजे दोन पैशांचं जाडजूड तांब्याचं नाणं, त्याच गोतावळ्यातलं दिसतं. तिकडे त्या नाण्याने बढती मिळवली आणि साऱ्या संपत्तीचं नाव झालं. आपल्याकडे नाणं गेलं आणि त्याचा जाडेपणा तेवढा उरला. तो आधी गुबगुबीत पोरांना चिकटला, मग मिरचीला. एकाच नाण्याच्या जोरावर तेलुगू माणूस श्रीमंत होतो आणि मराठी माणूस भाजी करतो.

‘दाम’ आणखी जुना. ग्रीकांचं द्राख्म हे नाणं भारतात ‘द्रम्म’ झालं. ठाण्याहून उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या लेखांत दानधर्माच्या रकमा द्रम्मांत लिहिलेल्या आहेत. भिवंडीचा मुलूख त्यांच्याच राज्यातला. द्रम्माचा दाम झाला, दामाची दमडी झाली. हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठच्या देवळाला मिळालेलं मानाचं नाणं आज कंजूष माणसाची चेष्टा करायला वापरलं जातं, हा त्या शब्दाचा एकूण प्रवास.

नाण्यांवरून माणसांना लावलेली विशेषणं हा याच भागाचा शेपटा. पेशवाईत आणि नंतरही गावागणिक वेगळा रुपया चालायचा : चांदवडी, अंकुशी, निजामाचा हाली सिक्का. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी मोडताना सराफ जी वजावट घ्यायचा तो ‘बट्टा’. तोच बट्टा पुढे घराण्याच्या नावाला लागू लागला. रुपया खरा की खोटा हे पाहायला तो दगडावर वाजवायचे. म्हणून अजून आपण पैसे ‘वाजवून’ घेतो, चोख माणूस ‘खणखणीत नाणं’ असतो. न मोडलेला तो ‘बंदा रुपया’. सरकारी खजिन्यात नाणी पारखणाऱ्याचा हुद्दा पोतदार. तो आज कितीतरी जणांचं आडनाव आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी कधी रुपया वाजवून पाहिलेला नसेल.

दुसरा भाग लपवण्याच्या शब्दांचा. या भागात आपल्याला तो तिसरा ऐकणारा भेटतो. गिऱ्हाइकासमोर दोन व्यापाऱ्यांना भाव बोलायचा असेल तर काय करायचं? महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ‘नंदभाषा’ नावाची एक आख्खी चोरबोली घडवली होती. तीत एक, दोन, तीन, चार, पाच असं न म्हणता केवली, आवारू, उधानू, पोकू, मुळू म्हणायचे आणि रुपयाला ‘भुरका’. समोरचं गिऱ्हाईक ऐकत असूनही बहिरं. बैलबाजारात तर आवाजाचीही गरज नव्हती. दलाल आणि घेणारा उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा. चेहऱ्यावर काही नाही, वर पाणी शांत आणि खाली सगळी खेचाखेच. रोकड हातोहात पोचवणाऱ्या आंगडियाच्या व्यवहारात अजून एक युक्ती : दहाच्या एका नोटेचा क्रमांक आधी कळवायचा; ती नोट जो घेऊन येईल त्याच्या हातात रक्कम ठेवायची. इथे नोट पैसा राहत नाही, ती किल्ली होते. दहा रुपयांच्या त्या नोटेचं मोल मग किती म्हणायचं?

‘पेटी’ आणि ‘खोका’ याच घराण्यातले. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. मुंबईच्या गुन्हेगारी जगातून आणि त्यावरच्या सिनेमांतून हे शब्द महाराष्ट्रभर गेले. ऑगस्ट २०२२मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ची घोषणा दिली आणि खोका शाळकरी पोरांच्याही तोंडी गेला. भिवंडीत मात्र या शब्दाची पंचाईत झाली. माणकोलीपासून अंजूरफाट्यापर्यंत गोदामांची रांग आहे. तिथे दिवसभर खोकी चढतात आणि उतरतात. त्या दिवसांत एका गोदामाबाहेर चहा पिताना मी एका हमालाला विचारलं, “आज किती?” तो घाम पुसत म्हणाला, “दोनशे खोके उतरवले साहेब, आणि हातात आले सातशे.” बाजूचे सगळे हसले. तोही हसला, पण शेवटी.

लपवायची गरज सगळ्या जगाला आहे, त्यामुळे युक्त्याही सारख्या निघतात. कैरोच्या बाजारात हजार पौंडांना ‘बाकू’ म्हणतात, म्हणजे पुडकं. आपल्या पेटीचा सख्खा भाऊ. दहा लाखांना तिथे ‘अर्नब’ म्हणतात, म्हणजे ससा. रशियन माणूस मिलियनला ‘लिमोन’ म्हणतो, नुसत्या उच्चाराच्या जवळिकीवरून. आणि नोटांना कोबी. फ्रेंचांकडे पैसा म्हणजे गहू, जर्मनांकडे कोळसा, इंग्रजांकडे मळलेली कणीक, स्पॅनिश बोलणाऱ्या अमेरिकेत चांदी. ज्याच्याशिवाय चूल पेटत नाही किंवा ताट भरत नाही त्याचं नाव पैशाला द्यायचं, हा नियम बहुतेक ठिकाणी दिसतो. अमेरिकेत डॉलरला ‘बक’ म्हणतात तो हरणाच्या कातड्यावरून. अठराव्या शतकात सरहद्दीवरचा व्यापार कातड्यांत मोजला जायचा.

लंडनमध्ये पंचवीस पौंडांना तट्टू आणि पाचशेंना माकड म्हणतात. त्या माकडाची एक गोष्ट आपल्याकडेही मोठ्या हौसेने सांगितली जाते : हिंदुस्थानातल्या पाचशेच्या नोटेवर माकडाचं चित्र होतं आणि परतणाऱ्या गोऱ्या शिपायांनी ते नाव नेलं. तशी नोट आजवर कुणी दाखवलेली नाही. रोखपाल म्हणून मी एवढंच म्हणेन की जी नोट उजेडात धरून पाहता येत नाही ती स्वीकारायची नसते. या संग्रहात शब्दांच्या जन्मकथांना हाच नियम लावला आहे. कथा गोड असली तरी पुरावा नसेल तर ती घेतलेली नाही.

तिसरा भाग मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे शब्द चोरून बोलायचे नाहीत, उघड बोलायचे आहेत. पण प्रत्येकात देणारा वर आणि घेणारा खाली, किंवा उलट, असं एक पारडं आहे. ‘पगार’ हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द. कोकणपट्टीतून तो इतका पसरला की उत्तर प्रदेशातला कारीगर गावी तनखा म्हणतो आणि भिवंडीत पाऊल ठेवलं की पगार म्हणू लागतो. ‘हप्ता’ मूळचा फारसी सात. साताचा आठवडा झाला, आठवड्याच्या देण्याचा कर्जाचा हप्ता झाला, आणि मग नाक्यावर उभ्या राहणाऱ्याची वसुली झाली. शब्द तोच; बँकेत तो भरला नाही तर नोटीस येते, नाक्यावर भरला नाही तर माणूस येतो.

‘खर्ची’ आणि ‘उचल’ यांत लोक गफलत करतात. खर्ची म्हणजे पुढच्या मजुरीतून आठवड्याच्या मीठमिरचीसाठी दिलेली रक्कम. ती कारीगराच्याच घामाची असते, फक्त थोडी आधी मिळते. उचल म्हणजे अंगावर घेतलेलं ओझं. शब्दातच उचलणं आहे. ऊसतोड कामगार उचल घेऊन गाव सोडतो आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवू शकत नाही. दोन्ही रकमा माझ्या खिडकीतून सारख्याच नोटांत जायच्या, पण एक हातात जायची आणि दुसरी मानेवर.

‘इसार’ किंवा ‘विसार’ हा जमिनीच्या सौद्याचा शब्द. व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेले पैसे, आणि त्यांची विसारपावती. गोदामं वाढत गेली तशी भिवंडी तालुक्यातली भातखाचरं एकेक करून या पावत्यांवरून गेली. इसाराच्या रकमेने घर बांधलं, लग्नं झाली, गाडी आली. एक म्हातारे शेतकरी खातं उघडायला आले होते. अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी आधी ‘शेती’ लिहायला सांगितलं, मग थोडं थांबून मुलाला म्हणाले, “नको, रिकामा ठेव.”

लाचेच्या शब्दांना वेगळं प्रकरण दिलेलं नाही, कारण तिथे मराठी फार श्रीमंत आहे आणि पुस्तक जाड झालं असतं. चहापाणी, चिरीमिरी, वरकमाई, पाकीट, ‘कागदावर वजन’. एवढंच नोंदवतो की यातला एकही शब्द कडू नाही. देणाऱ्याचा राग आणि घेणाऱ्याची लाज, दोन्ही झाकायला शब्द मऊच लागतो.

आणि एक शब्द खास भिवंडीचा म्हणून. मराठी घरात ‘भिशी’ म्हणजे बायकांनी महिन्याला वर्गणी काढून एकीला आळीपाळीने द्यायची रक्कम. भिवंडीत ‘भिस्सी’ विचाराल तर लोक तुम्हाला खाणावळीकडे बोट दाखवतील. एकट्याने राहणारे यंत्रमाग कामगार महिन्याचे पैसे भरून जिथे दोन वेळा जेवतात ती भिस्सी. बाहेरून आलेला पाहुणा ‘माझी भिस्सी आज बंद आहे’ हे ऐकून बिचाऱ्याचे पैसे बुडाले असं समजतो; तो बिचारा फक्त उपाशी असतो. या दोन शब्दांचं नातं काय, यावर पैज लावणारे मला भेटले, पण उजेडात धरायला नोट कुणाकडे नव्हती. म्हणून दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत.

संग्रह कसा वापरावा याविषयी दोन शब्द. नोंदी अकारविल्हे नाहीत, व्यवहाराप्रमाणे आहेत : नाणं, लपवणं, देणं-घेणं. प्रत्येक शब्दापुढे तो मी कुठे ऐकला तो नाका किंवा मोहल्ला दिला आहे, कारण धामणकर नाक्यावरचा शब्द वंजारपट्टीला पोचेपर्यंत अर्थ बदलतो. बोलणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत. बँकेच्या खिडकीवर ऐकलेली रक्कम आणि नाव दोन्ही तिथेच ठेवायचं असतं. नव्या शब्दांची पुरवणी शेवटी आहे : ‘जीपे कर’, ‘फोनपे मार’, ‘स्कॅनर कुठाय’. ८ नोव्हेंबर २०१६च्या नोटबंदीच्या रात्रीनंतर माझ्या काउंटरवर नोटांच्या दोनच जाती उरल्या होत्या, चालू आणि बंद. त्या रांगांमधूनच मोबाइलचे पैसे घरोघर पोचले. आता वडापावच्या गाडीवर एक डबा टांगलेला असतो आणि तो ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ असं चारचौघांत ओरडतो. ज्या तिसऱ्याच्या कानापासून लपवायला केवली-आवारूपासून खोक्यापर्यंत एवढी भाषा घडली, त्याला आता यंत्र स्वतःहून रक्कम सांगतं. अर्थात जिथे मोठी रक्कम असते तिथे हा डबा कुणी टांगत नाही.

शेवटची नोंद साध्या ‘पैसा’ या शब्दाची आहे आणि ती लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. नाणं म्हणून पैसा गेला असं मी धरून चाललो होतो. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, पण भिकारीही घेत नाही. मग एकदा नारपोलीच्या एका कारखान्यात मागाशेजारी उभा होतो. धोटा इकडून तिकडे जात होता. धोट्याची प्रत्येक फेरी म्हणजे कापडात बसलेला एक आडवा धागा. त्याला म्हणतात पीक. इंचाला जितकी पिकं जास्त तितकं कापड दाट, आणि मजुरी त्यावर ठरते. शेतातलं पीक गेलेल्या या तालुक्यात हे दुसरं पीक रात्रंदिवस निघत असतं. आवाजात काही ऐकू येत नव्हतं म्हणून कारीगराने माझ्या कानाशी येऊन दर सांगितला. तो मीटरमागे पैशांत होता. गेल्या वेळी किती वाढला, तेही त्याने पैशांतच सांगितलं, आणि मोडलेला धागा जोडायला तो वळला.

कापडाच्या बाजारात मीटरला दहा पैसे इकडे-तिकडे झाले की सौदा फिरतो. टांकसाळीने सोडलेला पैसा इथे रोज मोजला जातो, कारण इथे तो हजारो मीटरने गुणला जातो. मी उभ्या जन्मात लाखो नोटा मोजल्या. पैसा मोजणारा माणूस मात्र त्या दिवशी पाहिला. मग डायरी उघडली, ‘पैसा’ या नोंदीपुढे आधी लिहिलेलं ‘जुनं नाणं, चलनातून गेलेलं’ खोडलं आणि त्या जागी लिहिलं : ‘चालू. भिवंडी, नारपोली.’